आधी पाणी, मग पाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात दोन लहान मुलं, खरचटणं, चटका बसणं, दारात बोट चेमटणं हे आठवड्यातून एकदा तरी होतंच. दरवेळी मलमाची ट्यूब काढण्यापेक्षा औषधी वनस्पतींवर भागवता आलं तर बरं. मग कोणत्या वनस्पती ठेवाव्यात आणि त्या कशा वापराव्यात?

आयुर्वेदाची पदवी घेऊन मी २७ वर्षं रुग्ण तपासते आहे, त्यामुळे माझ्याकडून पंचवीस झाडपाल्यांची यादी येईल असं वाटणं साहजिक आहे. पण माझ्या स्वतःच्या घरात या कामासाठी चारच गोष्टी आहेत: कुंडीतली कोरफड, मधाची एक छोटी बाटली, निर्गुडीचं तेल आणि लवंग. पहिल्या दोन खऱ्या कामाच्या, तिसरी सुखावणारी, चौथी फक्त दातापुरती. बाकी मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं काय लावू नये याबद्दलच आहे. घरगुती उपचार करून माझ्याकडे येणाऱ्यांत मूळ जखमेसाठी आलेले थोडे असतात आणि तिच्यावर जे थापलं त्यामुळे आलेले जास्त.

कुठलीही इजा समोर आली की मी आधी एकच बघते: कातडी शाबूत आहे का? मुका मार, लचक, डास चावून आलेली गांधी, उन्हाने लाल झालेली पाठ, फोड न आलेला चटका, या सगळ्यांत कातडीची भिंत उभी असते. तिथे लेप चुकला तरी बहुधा खाज आणि पुरळ यावर निभावतं. कापलं, खरचटलं, फोड फुटला की ती भिंत पडलेली असते. मग अंगणातून तोडून आणलेल्या पानावरची धूळ आणि त्या धुळीतले धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू थेट आत पोचतात. हे बीजाणू काही मिनिटं उकळत्या पाण्यातसुद्धा टिकतात, तेव्हा पान नळाखाली खळखळून घेतल्याने त्यांना काहीही होत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. बंद कातडीवर बराचसा झाडपाला चालतो. उघड्या जखमेवर ताजा पाला, कच्चा रस, घरात कुटलेली पूड यातलं काहीही नाही.

आधी कापण्याचं बोलू. रक्त दिसलं की माणूस बावचळतो आणि हाताला लागेल ते दाबतो, मग ती हळद असो, कॉफी असो, चहापूड असो की राख. रक्त थांबलं की श्रेय पुडीला मिळतं. खरं तर ते थांबतं बोटाच्या दाबाने आणि स्वतःच्या गोठण्याच्या गुणाने. स्वच्छ फडक्याची घडी ठेवा, तिच्यावर तळहाताने दाब द्या, दुखावलेला हात छातीपेक्षा वर धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं तसेच बसा. मध्येच घडी उचलून ‘थांबलं का’ बघण्याचा मोह फार होतो, पण उचललं की नुकती धरलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दहा मिनिटांनंतरही वाहत असेल, रक्त उसळ्या मारत येत असेल किंवा जखमेच्या कडा एकमेकींना भेटत नसतील, तर ते काम घरचं नाही, टाके घालणाऱ्याचं आहे.

इथे कोणीतरी हमखास विचारतं, मग कंबरमोडीचं काय? म्हणजे दगडी पाला, रानात काम करताना विळा लागला की ज्याचा रस पिळतात तो. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. आता जगभरच्या उष्ण प्रदेशांत तण म्हणून माजली आहे. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत तिचे बरे परिणाम दिसले आहेत, माणसांवर नीट तपासलेलं मात्र फारसं काही नाही. मी तिला नावं ठेवत नाही. जवळ पाणी नाही, पट्टी नाही, दवाखाना लांब, अशा माणसाचा तो आधार होता आणि आहे. नळ दहा पावलांवर असताना तो घरात आणायचं कारण मला दिसत नाही.

रक्त थांबलं की जखम धुवायची. पिण्याचं पाणी, वाहतं, चांगली पाच मिनिटं. साबण आजूबाजूच्या कातडीला, जखमेच्या आत नाही. साध्या जखमा धुण्यासाठी पिण्यायोग्य नळाचं पाणी आणि निर्जंतुक सलाइन यांची तुलना झालेली आहे आणि संसर्गाच्या बाबतीत पाणी मागे पडलेलं नाही. गुडघ्यात खडी रुतली असेल तर स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने हलकेच काढा; ती खोल असेल तर तिच्याशी झटापट करू नका. कडुनिंबाच्या काढ्याने धुवावं का? धुवा, पण ते पाणी उकळलेलं आणि गाळलेलं आहे म्हणून. तोही त्याच दिवशी केलेला हवा. कालचा उरलेला काढा म्हणजे जंतूंसाठी शिजवून ठेवलेलं जेवण. पाण्यात केलेलं झाडपाल्याचं काहीही, मग तो काढा असो, फांट (गरम पाण्यात मुरवून गाळलेला पाला) असो की रस, २४ तासांनी ओतून द्यायचं. यात कंजुषी नको.

आता हळद. तिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण तिच्याबद्दल आपण सगळेच भावनेने बोलतो. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या भारताच्या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ही लढाई आपल्याला अभिमानाने पाठ आहे. मात्र हळद जखमेवर चालते हे त्या दिवशी सिद्ध झालं, असं अनेक जण धरून चालतात. पेटंट रद्द झालं ते हा वापर नवा नाही म्हणून, जुनं लिखित पुढे ठेवता आलं म्हणून. हळद किती गुणकारी, याचा निवाडा तिथे झालाच नाही. पेटंट कार्यालयाचं ते कामही नव्हे.

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हे तिचं मुख्य गुणकारी द्रव्य साधारण २ ते ५ टक्के असतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उजेडात लवकर मोडतं. प्रयोगशाळेत ते दाह कमी करतं, जंतूंना आवर घालतं, हे खरं आहे. पण डब्यातली पूड खाण्यासाठी दळलेली असते, जखमेसाठी निर्जंतुक केलेली नसते, आणि रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी पिवळा रंग मिसळल्याची प्रकरणंही पकडली गेली आहेत. माझी खरी तक्रार आणखी वेगळी आहे, ती तिच्या पिवळेपणाबद्दल. जखम बिघडते आहे हे कळतं कडेच्या लालीवरून, स्रावाच्या रंगावरून. हळद नेमकं तेच झाकून टाकते. शिवाय रक्तात कालवलेली पूड वाळून दगडासारखी बसते. ती भिजवून सोडवताना काही मुलं जितकी रडतात, तितकी ती पडल्यावरही रडलेली नसतात. बंद कातडीवर, मुक्या मारावर हळदीचा लेप जरूर लावा. उघड्या जखमेवर माझ्याकडून नाही.

मग उघड्या जखमेवर वनस्पतींतलं काहीच नाही का? आहे, पण त्याआधी एक जुना प्रयोग सांगते. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकराच्या पिल्लांच्या अंगावर उथळ जखमा करून काही पातळ फिल्मखाली ओलसर ठेवल्या आणि काही उघड्यावर वाळू दिल्या. ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने पसरली. ‘हवा लागू दे, वाळेल आपोआप’ हा सल्ला तेव्हाच मागे पडायला हवा होता. कोरफडीचा गर, मध, तूप, व्हॅसलीन, या सगळ्यांच्या यशात मोठा वाटा या ओलाव्याचा आहे. हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली, कारण मी प्रत्येक वेळी द्रव्याचा गुण शोधत होते आणि झाकण्याच्या गुणाकडे माझं लक्षच नव्हतं.

मध त्याहून थोडा पुढे जातो. त्याचा सामू (पीएच) साधारण ३.२ ते ४.५, म्हणजे आंबट, पाण्याचं प्रमाण बहुधा २० टक्क्यांच्या आत, आणि साखर इतकी दाट की जंतूंमधलंच पाणी ओढून घेते. भर म्हणून त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. जखमेच्या स्रावाने मध पातळ झाला की ते हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक तयार करतं. सुश्रुतांनी ताज्या जखमेवर मध आणि तूप सांगितलं ते उगाच नव्हे. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यातही, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासातही, वरच्या थरांच्या भाजलेल्या जखमा नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने चार-पाच दिवस लवकर भरल्याचं दिसलं. मात्र दवाखान्यात वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण कच्च्या मधात बॉट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. घरातला मध गरम करून हा प्रश्न सुटत नाही. बीजाणू मरत नाहीत आणि कामाचं विकर मात्र मरतं.

म्हणून मधाचा मेळ असा घालायचा. मिळाली तर निर्जंतुक मधाचीच ट्यूब आणा. साधा मध असेल तर तो फक्त उथळ, नीट धुतलेल्या खरचटण्यावर, एक वर्षावरच्या मुलांना आणि मोठ्यांना. मध जखमेवर ओतायचा नाही, गॉजच्या तुकड्यावर पातळ पसरायचा, तो तुकडा ठेवून वरून कोरडी पट्टी बांधायची आणि रोज, किंवा पाझरला की लगेच, बदलायची. पहिली काही मिनिटं चुणचुणतं, ते ठीक आहे. खोल, अरुंद, टोचलेल्या जखमेत मध भरू नका. खिळा, काटा, दात यांच्या जखमा वरून बारीक दिसतात आणि आत लांबवर जातात, त्यांच्यावर झाकण घालणं म्हणजे आतल्या जंतूंना खोली भाड्याने देणं.

भाजण्याकडे येते. घरगुती उपचारांची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. चटका बसल्याबरोबर हात वाहत्या थंड पाण्याखाली धरा, पूर्ण २० मिनिटं. घड्याळ लावा, कारण वाफेचा चटका बसलेल्या माणसाला पाच मिनिटं तासासारखी वाटतात. लगेच जमलं नाही तरी पहिल्या तीन तासांत हे केल्याचा उपयोग होतो. बर्फ नको, त्याने आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज यायच्या आत काढा. तूप, तेल, टूथपेस्ट हे गार होण्याआधी लावलं तर उष्णता आतच कोंडते, आणि नंतर डॉक्टरला तपासायला ते सगळं खरवडावं लागतं.

इथे मी माझ्या परंपरेच्या विरुद्ध जाते, तेही सांगून टाकते. सुश्रुतसंहितेत भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार आहेत. वर्गीकरण इतकं नेटकं की आजही शिकवताना मला ते उपयोगी पडतं. पण सगळ्यात सौम्य प्लुष्टासाठी तिथे शेक आणि उष्ण औषध सांगितलं आहे, गार पाण्याने रक्त थिजतं असं कारण देऊन. शिकत असताना मी ते निष्ठेने पाठ केलं होतं. आज माझ्याकडे कोणी चटका घेऊन आलं तर मी त्याला नळाकडे ढकलते. ग्रंथाचा आदर मी वर्गीकरणात ठेवते, उपचारात त्याच्यापुढे जाते.

वीस मिनिटं झाली, जागा लाल आहे, पण फोड नाही आणि कातडी अखंड आहे, मग कोरफडीची पाळी. पान बुडाशी कापा आणि कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं पेल्यात उभं ठेवा. सालीच्या लगेच आतून पिवळट, कडू चीक गळतो. त्यात अ‍ॅलोइन असतं, ते कातडीला चुरचुरतं आणि पोटात गेलं तर जोरदार रेचक होतं. चीक निथळला की पान धुवा, साल काढा, पुन्हा धुवा आणि मधला काचेसारखा पारदर्शक गर तेवढाच वापरा. दिवसातून दोन-तीनदा पातळ थर पुरतो. उन्हाने भाजलेल्या पाठीवरही हाच उपाय. उरलेला तुकडा झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्या. बाटलीतलं हिरवंगार, घमघमणारं जेल बघितलं तर त्यात अल्कोहोल आणि सुगंध आहेत का ते वाचा. खरा गर हिरवा नसतो.

फोड आला तर फोडू नका. खालच्या कच्च्या कातडीला त्याच्याइतकी चांगली पट्टी तुम्ही घालू शकणार नाही. आपणहून फुटला तर कोरफड बंद. पाण्याने धुवा, व्हॅसलीन लावलेलं गॉज ठेवा आणि सैल पट्टी बांधा. भाजलेली जागा रुग्णाच्या स्वतःच्या पंजापेक्षा मोठी असेल, चेहरा, हात-पाय, सांधा किंवा जांघेची जागा असेल, विजेने किंवा रसायनाने भाजलं असेल, जागा पांढरी किंवा कोळशासारखी काळी असून दुखत नसेल, किंवा रुग्ण तान्हं मूल असेल, तर पाणी झालं की सरळ दवाखाना. न दुखणारं भाजणं बघून लोक निर्धास्त होतात. तिथे दुखणं कळवणाऱ्या नसाच जळालेल्या असतात.

मुका मार आणि लचक यांत झाडपाल्याला मोकळं रान आहे, फक्त वेळ पाळायची. पहिले ४८ तास गारवा: फडक्यात गुंडाळलेला बर्फ दर वेळी १५-२० मिनिटं, थेट कातडीवर नाही. याच काळात गरम हळदीचा लेप, गरम तेलाची मालिश, वाळूचा शेक केला की फुटलेल्या बारीक केशवाहिन्यांतून रक्त आणखी पाझरतं आणि सकाळी घोटा दुप्पट झालेला दिसतो. तिसऱ्या दिवसापासून निर्गुडीच्या पाल्याचा शेक किंवा तेल खुशाल चालू करा. निर्गुडी सूज किती उतरवते आणि ऊब व हाताचा स्पर्श किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. लोकांना बरं वाटतं आणि नुकसान होत नाही, एवढं माझ्यासाठी इथे पुरे आहे. पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर लेप नको, एक्स-रे हवा. डोक्याला मार लागला असेल तर टेंगळावर काय लावायचं हा प्रश्नच दुय्यम आहे. मूल पेंगुळतंय का, उलट्या होतायत का, वागणं बदललंय का, यावर लक्ष ठेवायचं आणि यातलं काहीही दिसलं की निघायचं.

हळद आणि चुना एकत्र कालवून लावण्याची पद्धत मात्र सोडा. लाल रंग बघून औषध ‘तयार झालं’ असं वाटतं, पण तो हळदीचा क्षारात पालटलेला रंग आहे, आणि चुना कातडी भाजू शकतो. लहान मुलाच्या नाजूक पायावर रात्रभर बांधून ठेवलेला असा लेप सकाळी काढला तर खाली लचकेबरोबर भाजल्याचा डागही निघतो.

अर्निकाबद्दल वेगळं सांगते, कारण घराघरात तिचं नाव आहे. होमिओपॅथीच्या अतिविरल गोळ्या आणि अर्निका वनस्पतीच्या अर्काचं मलम या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. मलमात हेलेनॅलिन असतं, ते पोटात गेलं तर विषारी आणि उघड्या जखमेवर दाहक. मुक्या मारावर, अखंड कातडीवर लावायला हरकत नाही. झेंडू-शेवंतीच्या कुळाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी टाळावं.

आणि झेंडूवरूनच आठवलं. जखमेसाठी ज्या कॅलेंड्युलाचं नाव सगळीकडे वाचायला मिळतं, ती म्हणजे हाराचा झेंडू नव्हे. इंग्रजीत दोघांनाही मॅरिगोल्ड म्हणतात, त्यातून हा सगळा गोंधळ. कॅलेंड्युलाच्या पाकळ्यांचं मलम सौम्य असतं, कोरड्या, भरत आलेल्या जखमेवर बरं वाटतं. आपला झेंडू म्हणजे टॅजेटस, वेगळीच वनस्पती. त्यातली थायोफिन नावाची द्रव्यं उन्हाच्या संपर्कात कातडीला दाह करू शकतात. तेव्हा झेंडूच्या पाकळ्या तेलात उकळून ‘कॅलेंड्युला तेल’ करण्याच्या कृती दिसल्या तर पुढे सरका.

कीटकदंशात वेळ महत्त्वाची. मधमाशीची नांगी कातडीत राहिली असेल तर खरवडून काढावी की चिमटीने, यावर वाद घालत बसू नका, कशीही पण काही सेकंदांत काढा, कारण ती सुटी पडल्यावरही विष सोडत राहते. मग साबण-पाणी, गार घडी, आणि हवं तर कोरफडीचा गर. पुदिना वाटून लावला की थंड वाटतं, कारण त्यातला मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चकवतो. विष उतरतं असं काही नाही, पण खाजवणारी बोटं थांबतात आणि मुलांच्या बाबतीत तेच अर्धं काम आहे. ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, घरघर लागली, चक्कर आली, तर तिथे कुठल्याही वनस्पतीचं नाव काढू नका. त्याला अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते मिनिटांच्या हिशेबात.

कुत्रा, मांजर, माकड चावलं किंवा नुसतं बोचकारलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. जखमेत मिरची, हळद, चुना, तेल काहीही भरायचं नाही. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यातून माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून इथे मी ‘हवं तर’ हा शब्दच वापरत नाही. सापाच्या दंशावरही काही लावायचं नाही; दुसरं काही न करता चावलेला भाग हलू न देता रुग्णालय. डोळ्यात मध, गुलाबपाणी, फुलांचा चीक, पानाचा रस यातलं काही घालायचं नाही. डोळ्यात पानाची कड जरी लागली तरी बुबुळावर बुरशीचा व्रण होऊ शकतो, आणि असे डोळे मी गेलेले पाहिले आहेत.

आता ‘नैसर्गिक’ म्हणून बिनधास्त वापरल्या जाणाऱ्या, पण स्वतःच इजा करणाऱ्यांची रांग. लसूण ठेचून पट्टीखाली बांधला तर काही तासांत रासायनिक भाजणं होतं, फोडांसकट. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्यातली फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं उन्हाशी जुळून एक-दोन दिवसांत फोड आणि मग कित्येक आठवडे टिकणारे काळे डाग देतात. बिब्ब्याबद्दल तर मी माझ्या विद्यार्थ्यांना हात जोडून सांगते. शोधन केलेला, म्हणजे विषारीपणा कमी करण्याचे संस्कार केलेला, बिब्बा वैद्याच्या हातातलं औषध आहे. टाचेच्या भेगेत किंवा काटा काढायला कच्च्या बिब्ब्याचं तेल घालणं म्हणजे आगीशी खेळ. काहींची कातडी चालवून घेते, काहींचा पाय गुडघ्यापर्यंत उतू येतो, आणि तुम्ही कोणत्या गटात आहात हे लावल्यानंतरच कळतं.

सुगंधी तेलांत माझी स्वतःची चूक सांगते. मुलगा सहा वर्षांचा असताना डास चावलेल्या गांधींवर मी टी ट्री तेल तसंच, न मिसळता लावलं. बाटली दोन वर्षांपूर्वी उघडलेली, खिडकीत ठेवलेली. सकाळी प्रत्येक गांधीभोवती लाल चट्टा. हे तेल हवेने आणि उजेडाने ऑक्सिडाइझ होतं आणि जितकं जुनं तितकी अ‍ॅलर्जीची शक्यता वाढते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि रात्री अकरा वाजता आठवणं यात फरक असतो. अशी तेलं वापरायचीच तर चमचाभर, म्हणजे ५ मिलि, खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन थेंब, अंधाऱ्या जागेतली बाटली, तारीख लिहिलेली. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा.

लवंग तेलातलं युजेनॉल बधिरता आणतं. दंतवैद्यांच्या तात्पुरत्या भरणात ते अजूनही असतं. दाताचा टवका उडाला तर कापसाला थेंबभर तेल लावून दातापुरतं टेकवा आणि दंतवैद्याची वेळ घ्या. हिरडीवर शुद्ध तेल ठेवून झोपलं तर हिरडी भाजते. माझ्याकडे म्हणूनच तेल नाही, अख्खी लवंग आहे. ती चुकून जास्त वापरणं कठीण. मुलांच्या घरात लवंग, निलगिरी आणि कापूर यांची तेलं कुलपात असावीत. कापराने मुलांना गिळल्यापासून काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि लवंग तेलाच्या दोन चमच्यांनी लहान मुलाचं यकृत निकामी झाल्याच्या नोंदी आहेत.

मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम कितीही बारीक असली तरी या उत्तरातलं काहीही तिला लागू करू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मुक्या मारालाही डॉक्टर. इतरांसाठी खूण अशी: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका कमी व्हायला हवा. तो वाढत असेल, लाली पसरत असेल, पू, ताप, किंवा जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसली, तर मध, कोरफड सगळं बाजूला.

पेटीत ठेवायचं तर चिमटा, गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, कात्री, व्हॅसलीन हे आधी भरा, मध आणि लवंग उरलेल्या कोपऱ्यात. कोरफड कुंडीतच बरी. माझ्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे: घरातल्या प्रत्येकाच्या धनुर्वाताच्या शेवटच्या लशीची तारीख. स्वच्छ जखम असेल तर दहा वर्षांहून जास्त आणि मातीने माखलेली किंवा खोल असेल तर पाच वर्षांहून जास्त झाली का, एवढं त्यावर बघायचं. तुमच्या मुलांच्या तारखा लसीकरण कार्डावर असतील. तुमच्या स्वतःच्या बहुधा कुठेच नसतील, त्या आजच विचारून घ्या.